दोन काळांच्या मधले कपाट : ‘साराज् की’ या कादंबरीतील कालरचनेचा विचार

ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकापुढे एक जुनी अडचण असते. घटनेचा शेवट वाचकाला ठाऊक असतो, पात्रांना तो ठाऊक नसतो, आणि लेखकाला ठाऊक असूनही नसल्यासारखे लिहावे लागते. एखाद्या दूरच्या शतकातील लढाई किंवा राजकारण हा विषय असेल तर ही अडचण कलेला उपकारकच ठरते. पात्रांच्या अज्ञानातून कारुण्य निर्माण होते आणि वाचकाच्या ज्ञानाला एक प्रकारचे गांभीर्य येते. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंचा संहार हा विषय असला म्हणजे मात्र ही विषमता इतकी वाढते की तिचे ओझे नेहमीच्या कथनरीतीला पेलवत नाही. वाचकाजवळ मृतांच्या संख्या असतात, छावण्यांची नावे असतात, आगगाड्या सुटल्याच्या तारखाही असतात. पात्राजवळ यांपैकी काहीच नसते. गेल्या काही दशकांत या विषयावर लिहिणाऱ्या अनेक कादंबरीकारांनी दुहेरी कालरचनेचा आश्रय घेतला आहे, त्याचे एक कारण येथे असावे. एक सूत्र संहाराच्या काळात चालते, दुसरे आजच्या एखाद्या शोधकाच्या आयुष्यात. ज्ञान एका सूत्राकडे सोपविले जाते, अज्ञान दुसऱ्याकडे.

तातियाना द रोने यांची २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली ‘साराज् की’ ही या प्रकारातील बहुवाचित कादंबरी होय. २०१० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. लोकप्रिय पुस्तक म्हणून तिला बाजूस सारणे सोपे आहे, आणि तिच्या उत्तरार्धावरून पाहता ते सर्वस्वी अन्यायाचेही होणार नाही. परंतु दुहेरी कालरचना कोठवर सत्याला साहाय्य करते आणि कोणत्या ठिकाणी ती सत्याचा उपयोग करून घेऊ लागते, हे या कादंबरीइतके उघडपणे फार थोड्या कृतींत दिसते. म्हणून तिचा विचार करावयाचा.

कादंबरीच्या मुळाशी असलेली घटना अशी. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि आसपासच्या वस्त्यांतून १३,१५२ ज्यूंना पकडण्यात आले. त्यांपैकी ४,११५ मुले होती. शहर जर्मनांच्या ताब्यात होते. पण दारे ठोठावणारे पोलीस फ्रेंच होते. पकडलेल्या कुटुंबांना ‘वेलोद्रोम दिव्हेर’ या सायकल-शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागृहात कोंडण्यात आले. तेथून त्यांना ल्वारे प्रांतातील पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत नेण्यात आले. तेथे आयांना मुलांपासून तोडले गेले; मोठी माणसे आधी औशवित्सला गेली आणि मुले काही आठवड्यांनी, ड्रान्सीच्या छावणीमार्गे, त्याच वाटेने गेली. क्रीडागृहाची ती वास्तू १९५९ मध्ये पाडण्यात आली. फ्रेंच राज्याचा या कृत्यातील वाटा राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी १६ जुलै १९९५ रोजी जाहीरपणे मान्य केला, म्हणजे घटनेला त्रेपन्न वर्षे उलटून गेल्यावर. क्रीडागृहाच्या आतील दृश्य म्हणून वर्षानुवर्षे छापले गेलेले एक छायाचित्र तर प्रत्यक्षात मुक्तीनंतर तेथे डांबलेल्या, शत्रूला सहकार्य केल्याच्या संशयितांचे निघाले. ज्या घटनेचे दृश्यरूप इतके विरळ आहे आणि ज्या देशाने तिच्याविषयी इतका काळ मौन पाळले आहे, तेथे कल्पित साहित्याला आत शिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ते कोणत्या दाराने शिरते, एवढाच काय तो प्रश्न.

द रोने यांनी दोन दारे उघडली आहेत. पहिल्या सूत्रात मारे भागातील रू द सँतोंज या रस्त्यावर राहणारी दहा वर्षांची सारा स्टारझिन्स्की पहाटे दारावरची थाप ऐकते. धाकट्या भावाला, चार वर्षांच्या मिशेलला, ती खोलीतल्या भिंतीत लपलेल्या कपाटात ठेवते, बाहेरून कुलूप लावते आणि परत येण्याचे वचन देऊन किल्ली खिशात टाकते. तिची समजूत अशी की काही तासांत सुटका होईल. दुसऱ्या सूत्रात, त्या धरपकडीला साठ वर्षे पूर्ण होत असता, पॅरिसमध्ये स्थायिक झालेली अमेरिकन पत्रकार ज्युलिया जार्मंड त्या घटनेवर लेख लिहावयास घेते. तिचा फ्रेंच पती बर्ट्रांड तेझाक आपल्या आजीचे जुने घर दुरुस्त करून तेथे राहावयास जाण्याच्या बेतात आहे. ते घर रू द सँतोंजवरचे तेच घर असते. तेझाक कुटुंब तेथे १९४२ च्या जुलैअखेरीस राहावयास आले होते. लहान लहान प्रकरणे आळीपाळीने येतात. एक मुलीचे, एक ज्युलियाचे.

या रचनेतील पहिली लक्षणीय गोष्ट सर्वनामांची आहे. जिवंत स्त्रीला लेखिकेने ‘मी’ दिला आहे, मृत मुलीला ‘ती’. रूढ कादंबरीकाराने बहुधा उलट केले असते. करुणेचा भर जिच्यावर द्यावयाचा तिलाच बोलते करणे हा सोपा उपाय होता, आणि मुलीच्या तोंडून आलेल्या प्रथमपुरुषी निवेदनाने वाचकाचे डोळे अधिक सहजपणे भरले असते. परंतु प्रथमपुरुष म्हणजे साक्ष. आणि साक्ष देण्यासाठी साक्षीदार मागे उरावा लागतो. मुलगी साक्ष देत नाही, दुसरे कोणी तरी तिच्याविषयी सांगते, हे लेखिकेने व्याकरणातच मान्य केले आहे. त्याहून पुढे जाऊन, पुष्कळ पानांपर्यंत तिचा निर्देश केवळ ‘ती मुलगी’ असा होत राहतो. नाव उशिरा येते. पोलिसांच्या यादीत असेल ते नाव वाचकाला लगेच मिळत नाही, ते त्याला कमवावे लागते. फ्रेंच आवृत्तीचे शीर्षक ‘तिचे नाव सारा होते’ अशा अर्थाचे आहे, ते या दृष्टीने इंग्रजी शीर्षकाहून अधिक नेमके वाटते. इंग्रजी शीर्षक वस्तूकडे बोट दाखवते. फ्रेंच शीर्षक हिरावून घेतलेले नाव परत करते.

अर्थात हा संयम लेखिकेला सर्वत्र पाळता आलेला नाही. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते मुलीच्या मनाला इतके बिलगून चालते की दहा वर्षांच्या मनाला न शोभणारे विचार त्यात शिरतात. क्रीडागृहातील गर्दी, तहान, दुर्गंधी, ताप यांचे वर्णन मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून केलेले आहे तोवर ते बिनतोड आहे. प्रौढांच्या चेहऱ्यावरचा भाव तिला कळत नाही, आणि न कळण्यातच तो वाचकाला कळतो. पण मधूनच ती मानवी स्वभावाविषयी, द्वेषाविषयी, शहराच्या उदासीनतेविषयी असे काही मनाशी म्हणते की तेथे मुलीऐवजी २००२ सालची ज्युलियाच बोलत असल्याचा भास होतो. दोन सूत्रांमधली भिंत तेथे पातळ होते. कामाची वाटणी एकदा केल्यावर ती मोडावयास नको होती. निष्कर्ष काढावयास ज्युलिया आहेच.

कादंबरीचे केंद्र कपाटात आहे, आणि लेखिकेचा सर्वांत मोठा निर्णय त्या कपाटासंबंधीच आहे. मुलीबरोबर वाचक क्रीडागृहात जातो, छावणीत जातो, आईपासून तुटण्याच्या प्रसंगी हजर राहतो, काटेरी तारेखालून निसटतो. या सबंध प्रवासात कादंबरी एकदाही कपाटाच्या आत जात नाही. मिशेलच्या त्या दिवसांचे एक वाक्यही नाही. आत काय होते हे आपल्याला ठाऊक आहे : उशा, खेळणी, पुस्तके, विजेरी आणि थोडे पाणी. मुलांच्या लपंडावाचे हे सामान सुरुवातीला किती पुरेसे वाटते! पुढे प्रत्येक प्रकरणागणिक त्या यादीचा अर्थ पालटत जातो. पाणी किती होते, हा प्रश्न लेखिका विचारीत नाही. मुलगी तो विचारते आणि मनातून हाकलून लावते. वाचकाला तो हाकलता येत नाही. संहाराविषयीच्या कल्पित साहित्याने कोठवर जावे याबद्दल पुष्कळ वाद झाले आहेत. येथे ती मर्यादा कोणत्याही सिद्धान्ताशिवाय, केवळ दार बंद ठेवून, आखली गेली आहे.

किल्लीचे प्रतीकही यामुळेच टिकते. एरवी किल्ली हे फार झिजलेले प्रतीक आहे. रहस्य, स्मृती, हृदय असे काहीही उघडण्यास लेखक तिला राबवितात. या कादंबरीच्या पूर्वार्धात किल्ली प्रथमतः एक किल्लीच असते. ती पितळेची वस्तू मुलीच्या खिशात आहे, ती हरवता कामा नये, ती इतर कोणाला देता येत नाही. वडिलांना ती दाखविली तरी ते बाहेर जाऊ शकत नाहीत. जिने भावाला सुरक्षित ठेवले तीच वस्तू त्याला कोंडून ठेवते. रक्षण आणि कोंडणे या दोन्ही क्रिया एकाच हाताने केल्या आहेत, आणि पुढे साराचे आयुष्य ज्यामुळे उद्ध्वस्त होते तो अपराधभाव या एका वस्तूत सामावलेला आहे. अपराध ज्यांनी केला ते निर्धास्त आहेत आणि जिने प्रेम केले ती स्वतःला अपराधी मानते, हा त्या काळाचा विपर्यास लेखिकेला भाष्याशिवाय दाखविता आला, तो किल्ली खिशात ठेवल्यामुळे.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. मिशेल जिवंत असेल काय, या उत्कंठेवर कादंबरीचा पूर्वार्ध चालतो. प्रकरणे नेमकी पेचप्रसंगी तुटतात, आणि पुढचे प्रकरण ज्युलियाचे असल्याने वाचक घाईघाईने पाने उलटतो. मृत बालकाला रहस्यकथेचे उत्तर बनविणे हे वाङ्मयीन दृष्ट्या हलके आणि नैतिक दृष्ट्या आक्षेपार्ह नाही काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रकरणांच्या शेवटी दिलेले काही झटके साप्ताहिकातील क्रमशः कथेला शोभणारे आहेत. परंतु अधिक बारकाईने पाहता उत्कंठेचे स्वरूप निराळे दिसते. जुलैच्या मध्यापासून दिवस मोजणारा कोणताही वाचक चार वर्षांच्या मुलाविषयी भ्रमात राहू शकत नाही. ज्युलियाच्या संशोधनातून आलेली आकडेवारी आणि तारखा तर भ्रमाला जागाच ठेवीत नाहीत. वाचकाला उत्तर ठाऊक असते. मुलीला ते कधी आणि कसे कळेल, याची त्याला धास्ती असते. शोकान्त नाट्यात प्रेक्षक ज्या तऱ्हेने थांबतो त्या तऱ्हेचे हे थांबणे आहे. दुहेरी कालरचना येथे आपले सर्वांत मोलाचे काम करते. ज्ञानाचे सूत्र आणि अज्ञानाचे सूत्र एकाच दाराकडे दोन बाजूंनी येत राहतात, आणि वाचक मनोमन मुलीने उशीर करावा अशी इच्छा करू लागतो. तिने लवकर पोहोचावे ही आशा आणि तिने कधीच पोहोचू नये ही आशा, दोन्ही एकाच वेळी त्याच्या ठिकाणी असतात. बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम सांगितले त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर पूर्वार्धात विरोधलय विलक्षण शुद्ध रूपात साधली आहे.

योगायोगाविषयीही नेहमी बोलले जाते. ज्या पत्रकाराकडे लेखाचे काम येते तिच्याच सासरचे ते घर असावे हे असंभाव्य आहे, असे म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. तेरा हजारांहून अधिक माणसे दोन दिवसांत नाहीशी झाली, तेव्हा त्यांची राहती घरे मागे राहिली, आणि त्यांत कोणी तरी राहावयास गेलेच. पॅरिसमधल्या एखाद्या सुस्थित कुटुंबाचे घर असे असणे यात असंभाव्य काहीच नाही. असंभाव्य काही असेल तर ते विचारणारे कोणी तरी त्या कुटुंबात असणे हे होय. घर हेच या कादंबरीतील खरे ऐतिहासिक पात्र आहे. कामगार भिंती पाडीत आहेत, नवा रंग दिला जाणार आहे, सुखवस्तू दांपत्य दिवाणखान्याची मापे घेत आहे. आणि मागल्या प्रकरणात त्याच खोलीच्या भिंतीमागे एक मूल बसलेले आहे. दोन काळांचा इतका घट्ट सांधा भाषणांनी किंवा पत्रव्यवहाराने साधला नसता.

शोधकर्ती अमेरिकन असणे ही मात्र सोय आहे. ज्युलिया बाहेरची असल्यामुळे ती निष्पाप प्रश्न विचारू शकते आणि फ्रेंच पात्रांच्या अज्ञानाचे तिला सात्त्विक आश्चर्य वाटते. पण त्यामुळे दोषाची सगळी वाटणी एका बाजूला होते. शोध घेणारीचे स्वतःचे काहीच पणाला लागत नाही, आणि ही उणीव लेखिकेलाही जाणवली असावी. कारण पुढे ती ज्युलियाचे वैवाहिक आयुष्य पणाला लावते. कादंबरीचा तोल तेथून ढळू लागतो.

सारा निसटते, खेड्यातील द्युफोर हे वृद्ध दांपत्य तिला आसरा देते, तिला घेऊन पॅरिसला येते, आणि सारा किल्लीने कपाट उघडते. हे कादंबरीच्या साधारण मध्यावर घडते. त्यानंतर साराचे सूत्र संपते. पुढची पाने एकट्या ज्युलियाची आहेत. सारा आता पत्रांतून, इतरांच्या आठवणींतून, एखाद्या चिठ्ठीतून दिसते : ती अमेरिकेला गेली, तिने लग्न केले, तिला विल्यम नावाचा मुलगा झाला, आणि १९७२ मध्ये मोटार झाडावर घालून तिने आयुष्य संपविले. हे सूत्र तोडणे ही कल्पना म्हणून उत्कृष्ट आहे. कपाट उघडल्यावर साराच्या अंतरंगात जाण्याचा अधिकार लेखिकेने स्वतःकडून काढून घेतला. जी मुलगी त्या दारासमोर उभी राहिली तिच्याविषयी आता ‘तिला वाटले’ असे लिहिता येणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. कपाटाच्या आतल्या मौनाशी हे मौन जुळणारे आहे.

परंतु मौनाची जागा रिकामी ठेवावी लागते, आणि द रोने यांनी ती भरली. ज्युलियाचे उतारवयातील गर्भारपण, मूल नको असलेला आत्मकेंद्रित पती, गर्भपाताचा निर्णय आणि तो फिरविणे, घटस्फोट, इटलीतील लुक्का येथे विल्यमचा शोध, शेवटी न्यूयॉर्कमध्ये त्याची पुन्हा भेट आणि एका नव्या नात्याची चाहूल : हे सगळे त्या मौनात येऊन बसते. ही सामग्री स्वतःपुरती वाईट नाही. एखाद्या कौटुंबिक कादंबरीत ती मानाने नांदली असती. पण येथे तिच्या शेजारी कपाट आहे. मिशेलच्या मृत्यूशेजारी बर्ट्रांडचा स्वार्थीपणा ठेवला की दोन्ही खोटे वाटू लागतात. तराजूच्या एका पारड्यातील वजन काढून घेतले आहे आणि दुसरे पारडे तसेच आहे, तेव्हा समतोल राहणार कोठून? दुहेरी कालरचनेतील मूळचा धोका येथे प्रत्यक्ष झालेला दिसतो. भूतकाळाचे सूत्र आपले दुःख वर्तमानाच्या स्वाधीन करते आणि वर्तमान त्या दुःखाने स्वतःचे आयुष्य सुधारून घेते. साराच्या शोधातून ज्युलियाला आपण कोण आहोत हे कळते. वाचकाला मात्र साराविषयी नवे असे जवळजवळ काहीच कळत नाही.

याच शहराविषयी, याच काळाविषयी आणि अशाच एका मुलीविषयी लिहिलेले पात्रिक मोदियानो यांचे ‘दोरा ब्रुदेर’ (१९९७) हे पुस्तक शेजारी ठेवले की फरक ध्यानी येतो. ३१ डिसेंबर १९४१ च्या ‘पारी-स्वार’ या वृत्तपत्रात आईबापांनी दिलेली एक जाहिरात मोदियानो यांच्या नजरेस पडली : पंधरा वर्षांची मुलगी हरवली आहे, तिची उंची अमुक, कपडे अमुक, माहिती ४१, बूलव्हार ओर्नानो येथे कळवावी. या जाहिरातीच्या प्रेरणेने त्यांनी आधी एक सरळ कल्पित कादंबरी लिहिली. ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तीवर त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते पुन्हा दोराकडे वळले, या वेळी नोंदवह्या, शाळेचे दाखले, पोलिसांची कागदपत्रे आणि रस्ते यांच्या आधाराने. येथेही दोन काळ आहेत. मोदियानो स्वतः त्या रस्त्यांवरून हिंडतात आणि आपल्या तरुणपणाविषयी, आपल्या ज्यू पित्याविषयी लिहितात. पण दोरा त्यांच्या आयुष्यातील कोणताच प्रश्न सोडवीत नाही. ती डिसेंबर १९४१ मध्ये कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून पळून गेली आणि एप्रिल १९४२ मध्ये आईकडे परत आली. मधले महिने ती कोठे होती हे कोणालाच ठाऊक नाही. १८ सप्टेंबर १९४२ रोजी ती पित्यासह ड्रान्सीहून औशवित्सला पाठविली गेली. कादंबरीकाराच्या कल्पनेला ते अज्ञात महिने म्हणजे केवढे आमंत्रण! मोदियानो ते स्वीकारीत नाहीत. तो काळ दोराचे स्वतःचे गुपित म्हणून ते तिच्याजवळच राहू देतात, आणि छळ करणाऱ्यांनाही ते तिच्याकडून हिरावून घेता आले नाही, एवढेच नोंदवून थांबतात.

दोरा ही खरी मुलगी, सारा ही कल्पित. तेव्हा दोघींना एकच नियम लावता येणार नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. द रोने यांनाही हा नियम ठाऊक होता. कपाट बंद ठेवून त्यांनी तो मिशेलच्या बाबतीत पाळला. साराच्या बाबतीत त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. अखेरीस ज्युलिया आपल्या नव्या मुलीचे नाव सारा ठेवते आणि विल्यमला ते कळते, असा प्रसंग योजलेला आहे. सुरुवातीला ज्या नावासाठी वाचकाला पानेच्या पाने थांबावे लागले ते येथे सांत्वन म्हणून वाटले जाते.

आणि तरीही ज्या पात्रात दोन्ही काळ खरोखरच एकत्र राहतात असे एक पात्र या कादंबरीत आहे. ते म्हणजे ज्युलियाचा सासरा, एदुआर तेझाक. १९४२ मध्ये तो लहान मुलगा होता. दारावर थाप पडली तेव्हा दार त्याने उघडले. मळलेल्या कपड्यांतली एक मुलगी किल्ली घेऊन त्याच्या झोपण्याच्या खोलीत धावली, आणि तिने जे उघडले ते त्याने पाहिले. त्याच्या बापाने हे कोणाला सांगावयाचे नाही असे बजावले आणि स्वतः मात्र गुपचूप साराच्या पालनासाठी पैसे पाठवीत राहिला. मुलाने साठ वर्षे मौन पाळले. आई त्याच घरात राहत होती, आणि तिला यातले काही ठाऊक नव्हते. तो ना पकडणारा ना पकडलेला. दुसऱ्याच्या घरात निजलेला एक मुलगा. त्या खोलीत त्याने पुढे किती रात्री काढल्या असतील, तो मोठा होऊन, लग्न करून, नातवंडांसह त्या घरी जेवावयास येत असता भिंतीच्या त्या भागाकडे पाहत असेल की नाही, याविषयी कादंबरी जवळजवळ काही बोलत नाही. ज्युलियाला तो हे सारे एकदा सांगून टाकतो. ती थोडीशी पाने पुस्तकातील सर्वांत जड पाने आहेत, आणि ती संपताच कथानक लुक्काच्या वाटेला लागते.